150 च्या वर दिसलं की गोळी? आधी हा नियम मोडा

वाचकाचं पत्र: आई 72 वर्षांची. आम्ही लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला. मे महिन्यात एका शिबिरात आईचं बीपी 168/76 निघालं. फॅमिली डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन 5 रोज एक दिली. दीड महिन्यात बीपी 134 वर आलं, म्हणून आईने गोळी बंद केली. शिवाय गोळीने पाय सुजायचे. आता आम्ही घरी मशीन घेतलंय आणि 150 च्या वर दिसलं तरच गोळी देतो. परवा सकाळी 172 होतं, गोळी दिली, दहा मिनिटांनी 148! रात्री 139. म्हणजे गोळी लागू पडते, पण रोज लागत नाही, असं आम्हाला वाटतं. मात्र गेल्या आठवड्यात पहाटे संडासला जाताना तिला चक्कर आली, ती गॅलरीतच बसली. गुडघ्यांसाठी ती मेडिकलमधून आणलेली गोळी घेते. सकाळी मिश्री लावते. जेवणात आम्ही सैंधव सुरू केलंय. खालचा आकडा बरा असेल तर वरच्याची एवढी काळजी करायची का? मशीन खराब आहे का? आणि गोळी आयुष्यभर घ्यायची का?

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट 172 चा आकडा नाही, 150 चा नियम आहे. तो आजपासून बंद करा.

अ‍ॅम्लोडिपिन ही डोकेदुखीच्या गोळीसारखी नाही. पोटात गेल्यावर रक्तात तिचा जोर सहा ते बारा तासांनी चढतो, आणि तिचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच 30 ते 50 तास लागतात. रोज ठरल्या वेळी घेत राहिलं की सात-आठ दिवसांत हे प्रमाण एका पातळीवर स्थिरावतं. बीपीवरचा पूर्ण परिणाम दिसायला त्याहून थोडा जास्त वेळ लागू शकतो. तेव्हा दहा मिनिटांत 172 चे 148 झाले त्यात गोळीचा हात नव्हता. आई दहा मिनिटं एका जागी बसली, एवढंच घडलं. आणि ज्या गोळीला तुम्ही श्रेय दिलं, तिचा खरा अंमल दुपारनंतर सुरू झाला आणि पुढचे दोन दिवस कमी-कमी होत राहिला. एक दिवस द्यायची, दोन दिवस नाही, पुन्हा द्यायची, अशाने बीपी खाली-वर होत राहतं आणि त्याचा ताण धमन्यांवर, मेंदूवर आणि मूत्रपिंडांवर पडतो.

दीड महिन्यात 134 आलं ते गोळी काम करत होती म्हणून. पंपाने पाणी चढलं आणि गच्चीवरची टाकी भरली, म्हणून कोणी पंप काढून भंगारवाल्याला देत नाही. मात्र आता परस्पर रोजची गोळीही सुरू करू नका, कारण मध्ये चक्कर येऊन गेली आहे. डॉक्टरांना आजच फोन करून तीन गोष्टी सांगा: गोळी अधूनमधून दिली जात होती, पाय सुजत होते, पहाटे चक्कर आली. रोज घ्यायची की आधी तपासायचं हे ते ठरवतील. दोन-तीन दिवसांत प्रत्यक्ष दाखवून या.

तोवर त्या चक्करेचं बघा. उतारवयात उठून उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं आणि धमन्या पुरेशा चपळाईने आवळत नाहीत. तरुणाला कळतही नाही, म्हाताऱ्या माणसाला डोळ्यांपुढे अंधारी येते. याचं माप घरी घेता येतं. आईला पाच मिनिटं पलंगावर आडवं राहू द्या, बीपी मोजा. मग उभं करा, शेजारी एकाने धरून उभं राहायचं, आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने पडला तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवाच. कोणती गोळी, किती आणि कधी, हे त्यावर बदलतं. तीन मिनिटं उभं राहणं जमत नसेल, गरगरायला लागलं तर लगेच बसवा. ती चक्करही एक उत्तरच आहे.

पहाटेच्या उठण्याला एक क्रम लावा. जाग आली की आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, पावलं वर-खाली दहा-पंधरा वेळा हलवायची, मग धरून उभं राहायचं, आणि चक्कर नाही ना हे पाहूनच चालायला लागायचं. गॅलरीतला दिवा रात्रभर चालू असू द्या, त्यावरून शेजारी कुरकुरले तरी. शक्य असेल तर रात्रीपुरती खोलीतच कमोड खुर्ची ठेवा. बहात्तराव्या वर्षी खुब्याचं हाड मोडणं हे बीपीइतकंच मोठं संकट आहे, आणि ते अशाच पहाटेच्या फेरीत घडू शकतं.

आता मशीन. ते खराब असण्याची शक्यता कमी, मोजण्याची पद्धत चुकत असण्याची जास्त. पत्रात मिश्रीचा उल्लेख आहे म्हणून आधी ते: मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि तिच्यातलं निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. मिश्री लावून, चहा पिऊन लगेच मोजलं तर आकडा चढलेलाच येणार. चहा, मिश्री, तपकीर, जिना चढणं, भांडण, यातलं काहीही झाल्यावर अर्धा तास थांबायचं. मिश्री सुटली तर हिरड्या, तोंड आणि हृदय तिन्हींचा फायदा, पण तो वेगळा विषय.

सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी आणि गोळीच्या आधी, आईला खुर्चीत बसवा. जमिनीवर मांडी घालून नाही, पलंगावर पाय लोंबकळतही नाही. पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. पाच मिनिटं शांत, टीव्ही बंद, बोलणं बंद. ही शेवटची अट घरोघरी मोडली जाते. मोजताना बोलण्यानेच वरचा आकडा दहाच्या आसपास वाढू शकतो, आणि लघवी तुंबलेली असली तरी तसंच. हात टेबलावर ठेवायचा, उंची कमी पडली तर खाली उशी किंवा पिठाचा डबा. दंडावरचा पट्टा छातीच्या मध्याच्या, म्हणजे हृदयाच्या पातळीवर यायला हवा. हात मांडीवर किंवा बाजूला लोंबता राहिला तर आकडा फुगतो.

पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली की ती दोरीसारखी आवळते, त्यापेक्षा सैल गाउन बरा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या दोन बोटं वर, नळी आतल्या बाजूने, आणि पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम सरकतील इतपत घट्ट. पट्ट्याचं माप हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बहुतेक मशीनसोबत मिळणारा पट्टा 22 ते 32 सेंटिमीटर दंडासाठी असतो. टेलरच्या टेपने आईचा दंड मधोमध मोजा. 32 च्या वर असेल आणि तोच पट्टा ओढूनताणून बांधला तर मशीन खोटंच जास्त दाखवेल. मोठा पट्टा वेगळा मिळतो, मागवून घ्या. दंड 22 पेक्षा बारीक असेल तर उलट, आकडा खोटा कमी येतो. मनगटावरचं मशीन किंवा घड्याळातला आकडा यावर गोळीचा निर्णय घ्यायचा नाही.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात पुढे कायम वापरायचा. दोघांत 10 पेक्षा जास्त फरक वारंवार दिसला तर डॉक्टरांना सांगा. रोज सकाळी दोनदा आणि रात्री जेवणाआधी दोनदा, दोन वेळांमध्ये एक मिनिट सोडून. सात दिवस. पहिल्या दिवसाचे चार आकडे खोडा, उरलेल्या 24 ची सरासरी काढा. ही सरासरी हे आईचं बीपी. परवाचं 172 नाही आणि रात्रीचं 139 ही नाही. घरी मोजलेली सरासरी 135/85 किंवा त्यावर असेल तर ते उच्च रक्तदाबात मोडतं. दवाखान्यात मोजताना हीच रेषा 140/90 धरतात, कारण पांढरा कोट पाहून बऱ्याच जणांचं बीपी थोडं चढतं. सात दिवस झाले की मशीन पिशवीत ठेवा. दिवसातून आठ वेळा मोजणाऱ्या घरात त्या आकड्यांच्या धसक्यानेच बीपी वर जातं.

मशीनची शंका असेलच तर ते दवाखान्यात न्या, डॉक्टरांच्या यंत्राने आणि तुमच्या यंत्राने आलटून पालटून दोन-तीनदा मोजून घ्या. चार-पाचचा फरक चालतो. दहाच्या वर सतत येत असेल तर आधी सेल बदला, मग पट्ट्यात गळती आहे का बघा. स्क्रीनवर हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता दाखवणारं चिन्ह पुन:पुन्हा येत असेल तर त्याला सेलचा दोष समजू नका, ईसीजी काढून घ्या.

खालचा आकडा बरा असताना वरच्याचं काय? साठीनंतर हेच चित्र नेहमीचं असतं. मोठ्या धमन्या वयाबरोबर कडक होतात. नवी रबरी नळी पाण्याचा झोत आला की फुगते आणि मग हळूहळू पूर्ववत होते. जुनी, वाळलेली नळी फुगत नाही, म्हणून झोताचा पूर्ण मार भिंतीवर बसतो आणि झोत थांबला की दाब झपकन पडतो. म्हणून वरचा आकडा चढतो आणि खालचा तसाच राहतो किंवा उतरतो. आईच्या 168 आणि 76 मध्ये 92 चं अंतर आहे. या वयात पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका वरच्या आकड्यावरूनच जास्त कळतो. ‘वय अधिक शंभर म्हणजे नॉर्मल’ हा हिशेब अजून कित्येक घरांत चालतो. त्या हिशेबाने आईचं 172 बरोबर ठरेल. तो हिशेब सोडून द्या. डोकं दुखत नाही म्हणून बीपी नाही, हाही तसाच. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या साधारण दर तिघांतल्या एकाने आपल्याला बीपीचं निदान झाल्याचं सांगितलं. काहीच होत नाही म्हणून ज्यांनी कधी मोजलंच नाही, ते या हिशेबात आलेलेच नाहीत.

पायांची सूज. अ‍ॅम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करते, त्यामुळे पाणी झिरपून घोट्यांभोवती साचतं; संध्याकाळी जास्त, सकाळी कमी. मूत्रपिंड बिघडल्याची ही खूण नसते, पण त्रास खराच आहे, आणि आपल्याकडे गोळी सोडण्याचं हे एक मोठं कारण आहे. यावर लघवीची गोळी हा नीट इलाज नाही, कारण शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, ते फक्त चुकीच्या जागी गेलेलं असतं. डॉक्टर मात्रा 2.5 करू शकतात, किंवा कमी मात्रेसोबत टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी जोडू शकतात. त्या जोडीने सूज बहुधा उतरते आणि बीपीही आटोक्यात येतं. एकाच गोळीची मात्रा ताणण्यापेक्षा दोन गोळ्या कमी मात्रेत, हे बऱ्याचदा जास्त सोसतं. मात्र एकच पाय सुजून दुखत असेल, चेहरा सुजत असेल, किंवा आडवं पडल्यावर दम लागत असेल तर गोळीवर खापर फोडत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

तुमच्या पत्रातला लपलेला गुन्हेगार मात्र वेगळाच असावा: गुडघ्याची गोळी. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब, यातलं काही लिहिलेलं असेल तर ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी चढवतं आणि बीपीच्या कित्येक गोळ्यांचा जोर कमी करतं. मेडिकलवाला ‘साधी पॅरासिटॅमॉल’ म्हणून देतो त्या गोळीत पुष्कळदा अ‍ॅसिक्लोफिनॅक मिसळलेलं असतं. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि ही दुखण्याची गोळी, तिन्ही एकत्र झाल्या तर म्हाताऱ्या माणसाचं मूत्रपिंड काही दिवसांत कोलमडू शकतं, त्यात जुलाब किंवा मे महिन्याचा घाम असेल तर आणखी लवकर. गुडघ्यांना नुसती पॅरासिटॅमॉल, वरून लावायचं जेल, शेक आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, हे आधी करून बघा. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या नकोत, त्यात सोडियम भरपूर असतं. सर्दीच्या, नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या आणि खोकल्यासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमध, हेही बीपी वाढवतात.

सैंधवाने काही साधणार नाही. तेही सोडियम क्लोराइडच, फक्त गुलाबी आणि महाग, आणि आयोडीनचा भरवसा नाही. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड दुबळं असेल किंवा टेल्मिसार्टन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता ते घरात आणू नका. मीठ किती जातं हे पिशवीवरून कळतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी. चार माणसांच्या घरात दिवसाला 20 ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी 50 दिवस पुरली पाहिजे. तुमची 25 दिवसांत संपत असेल तर माणशी 10 ग्रॅम जातंय, आणि लोणचं, पापड, फरसाण, पाव, सुकट हे त्याच्या वर. भाताला आणि पोळीच्या कणकेला मीठ घालणं थांबवा, काही आठवड्यांत जीभ सरावते. ताकाला जिरेपूड, आमटीला आमसूल वाढवा. सुके बोंबील करायचेच असतील तर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून मगच. उपासाच्या दिवशी वेफर्स आणि चिवड्यातून नेहमीपेक्षा जास्त मीठ जातं, हे आईला सांगा. गोळी मात्र उपासालाही पाण्याबरोबर घ्यायचीच.

आयुष्यभर का? बहुधा हो, पण तीच मात्रा आयुष्यभर असं नाही. वजन उतरलं, खाणं कमी झालं, उभ्याने आकडा वारंवार 110 च्या खाली जायला लागला, तर डॉक्टर मात्रा कमी करतात. आईसाठी दवाखान्यातलं लक्ष्य 140 च्या खाली. सोसत असेल तर 130 च्या जवळ. ऐंशी ओलांडलेल्या आणि अशक्त माणसाला थोडी सूट देतात. तिथे पोचायला दोन-तीन महिने लागले तरी हरकत नाही, म्हाताऱ्या शरीरात बीपी धाडकन पाडणं हेच घातक. एक दिवस गोळी राहिली तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी द्या. दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका.

डॉक्टरांकडे जाताना आकडे लिहिलेली वही, मशीन आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिपा न्या. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी चालू असणं फार घडतं: एक फॅमिली डॉक्टरांची, एक इस्पितळाच्या चिठ्ठीवरची, आणि आत दोन्हीकडे अ‍ॅम्लोडिपिन. आधीच्या तपासण्या नसतील तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), सोडियम, पोटॅशियम, साखर, लघवीतलं प्रथिन आणि ईसीजी काढून घ्या. टेल्मिसार्टन सुरू झालं तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन-चार आठवड्यांनी पुन्हा. लघवीची गोळी दिलीच तर ती सकाळी घ्यायची, नाहीतर रात्रभर त्याच गॅलरीतून फेऱ्या. खर्चाचा प्रश्न असेल तर पालिकेच्या दवाखान्यांत आणि ‘आपला दवाखाना’मध्ये बीपी तपासून या गोळ्या मोफत देतात, जनऔषधी केंद्रातही त्या स्वस्त पडतात. साठा कधी कधी संपलेला असतो, म्हणून घरात निदान दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच जायचं. गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाणार असाल तर मुक्कामाच्या दिवसांत आठवडा जास्त धरून गोळ्या न्या.

आणि मशीनवर एखाद्या दिवशी 180 च्या वर आकडा आलाच, आई बरी असली, तर तिला बसवा, पाच मिनिटांनी आणि पुन्हा अर्ध्या तासाने मोजा, जादा गोळी देऊ नका, तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. जिभेखाली कॅप्सूल फोडून बीपी झटक्यात उतरवण्याची जुनी पद्धत कोणी सुचवली तर ऐकू नका. त्याने मेंदूचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. पण तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोलणं अडखळलं, छातीत दुखलं, दम लागला, तर आकडा 180 असो की 150, मोजत बसायचं नाही. 108 ला फोन करा, त्रास नेमका कधी सुरू झाला ती वेळ कागदावर लिहा, तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, म्हणून सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेलं जवळचं इस्पितळ कोणतं हे आजच विचारून ठेवा. तिसऱ्या मजल्यावरून तिला चालवत आणायचं नाही. हात असलेल्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलायचं, ती खुर्ची आणि ते दोघे कोण हे मजल्यावर आधीच ठरलेलं असू द्या.